विश्लेषण : सीटबेल्टची घंटी गप्प करणारी क्लिप धोक्याची का?

पंचवटी कारंजावरून मालेगाव स्टँडपर्यंतच तर जायचे, मग बेल्ट कशाला? असा विचार करून गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि घंटी वाजू लागते. तिचा वैताग टाळण्यासाठी अनेक जण बेल्टच्या खाचेत नुसती धातूची क्लिप अडकवतात. मग तीच गाडी अमृतधाम, रासबिहारी चौक ओलांडून मुंबई-आग्रा महामार्गावर वेग घेते, तेव्हाही क्लिप जागेवरच असते.

ही घंटी कधीपासून बंधनकारक?

१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींमध्ये चालकासाठी एअरबॅग, चालक व शेजारच्या प्रवाशासाठी बेल्टची आठवण देणारी घंटी, वेगाचा इशारा आणि मागे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब नुसार बेल्ट न लावल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ मागच्या सीटवरील प्रवाशांनाही लागू होतो.

क्लिपवर कारवाई का झाली?

उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्याच महिन्यात मागच्या सीटसाठीही घंटी सक्तीची करण्याचा मसुदा केंद्राने काढला. पुढे मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, स्नॅपडील आणि शॉपक्लूज या पाच संकेतस्थळांना अशा क्लिप कायमच्या हटवण्याचा आदेश दिला. एकूण १३,११८ नोंदी काढण्यात आल्या. काही विक्रेते तर बाटली उघडण्याचे साधन म्हणून ही क्लिप विकत होते. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये बेल्ट न लावल्याने १६,३९७ जणांचा जीव गेला. त्यांत ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते.

एअरबॅग असताना बेल्ट कशाला?

एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करते, बेल्टऐवजी नाही. बेल्ट शरीर जागेवर धरतो, म्हणून एअरबॅगची उशी योग्य अंतरावर मिळते. बेल्ट नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि वेगाने फुगणारी तीच एअरबॅग त्याच्यावर आदळते. ताशी ६० किलोमीटर वेगाची धडक म्हणजे सुमारे १४ मीटर उंचीवरून पडण्यासारखे आहे. शिवाय क्लिप वापरल्याचे आढळल्यास निष्काळजीपणाचे कारण देऊन विम्याचा दावा नाकारला जाण्याचा धोकाही प्राधिकरणाने दाखवून दिला आहे.

पण घंटीचा त्रास खरा नाही का?

काही अंशी खरा आहे. वेगाचा इशारा ताशी ८० ला अधूनमधून आणि १२० ला सलग वाजतो. समृद्धी महामार्गावर सपाट भागात मोटारींना १२० ची मुभा आहे, तरी घंटी ८० लाच सुरू होते. उलट रामकुंडाकडच्या गर्दीत कोणी ६० ने गाडी हाकली तर ती गप्प राहते. घंटीला रस्ता कळत नाही. म्हणून चालक एका घंटीला विटतो आणि राग दुसरीवर काढतो. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या मोटारी बेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके चिडले, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही सक्ती कायद्याने उठवावी लागली आणि घंटीलाही आठ सेकंदांची मर्यादा आली. ही मर्यादा २०१२ मध्ये हटवण्यात आली.

मग चालकाने काय करावे?

शेजारच्या सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली तर अनेक गाड्यांत सेन्सरला तिथे माणूस बसल्याचे वाटते. पिशवी डिकीत ठेवावी. अचानक ब्रेक दाबल्यावर ती अंगावरही येणार नाही. बेल्ट लावूनही घंटी वाजत असेल, तर खाचेत धूळ, नाणे किंवा चॉकलेटचा कागद अडकला आहे का ते पाहावे. सीटखालच्या पिवळ्या जोडणीला मात्र स्वतः हात लावू नये. ती एअरबॅगच्या यंत्रणेची असते, त्यामुळे ते काम सर्व्हिस सेंटरवर सोडावे.

बाकीच्या दिव्यांसाठी रंग लक्षात ठेवावा. गाडी चालू असताना ऑइल, ब्रेक किंवा इंजिनच्या तापमानाचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागी लगेच थांबावे. पिवळा दिवा म्हणजे लवकर तपासणी करावी. मात्र इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नये. आणि बेल्टची घंटी बंद करण्याचा फुकटचा उपाय गाडीतच आहे. बेल्ट लावला की ती वाजत नाही.