धूर, दिवे आणि भोंगा

गेल्या वर्षीं आमच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनांत बिनतारी नियंत्रणानें चालणाऱ्या प्रतिकृतींची स्पर्धा झाली, व तींत परीक्षक म्हणून काम करण्याचा मान आम्हांस मिळाला. त्या दिवशीं आम्हीं जो निकाल दिला तो चुकीचा होता, अशी आतां आमची खात्री झाली आहे. ज्या विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या देखत तो दिला, त्यांच्याच पुढें ही चूक कबूल करावी हें उचित होय. म्हणून हा लेख.

स्पर्धेच्या शेवटीं दोनच प्रतिकृति नजरेंत भरल्या. एक होती आग विझविणारी मोटार. तिच्यावर निळे-तांबडे दिवे झगमगत होते, शिट्टी किंचाळत होती, आणि टपावरून पांढरा धूर निघत होता. ती दुकानांतून जशीच्या तशी आणलेली होती. दुसरी होती बंदरांत मोठीं जहाजें ओढणारी टग नांवाची आगबोट. नववीच्या एका मुलानें ती प्लायवूड आणि पत्र्याच्या डब्यांपासून घरीं केली होती. तिला चार-पांच बारीक दिवे, एक भोंगा आणि काळें धुराडें होतें. शाळेमागच्या तळ्यांत ती ऐटीनें निघाली, भोंगा वाजला, टाळ्या पडल्या. मग मुलानें धुराचें बटण दाबलें. धुराड्यांतून झकास धूर निघाला. परंतु त्याच क्षणीं बोट हुकूम ऐकेनाशी झाली. वळलेलें सुकाणूं वळलेलेंच राहिलें, पंखा थांबला, आणि आहे त्या वेगाच्या भरांत ती जाऊन जलपर्णींत रुतली. धूर मात्र चालूच होता! सारे हंसले, आम्हीही हंसलों. पहिलें बक्षीस मोटारीस मिळालें.

समारंभ आटोपल्यावर आम्हीं दोघांही मुलांस सहज विचारलें, "धूर कसा निघतो रे?" मोटारवाल्यानें प्रामाणिकपणें सांगितलें, "ठाऊक नाहीं, सर. ती बंद डबी आहे." टगवाला चिखलाच्या पायांनीं उभा होता. तो म्हणाला, "सर, माझी चूक सांपडली. धुराच्या तारेनें रिसीव्हरची वीज खाल्ली." ज्यास कारण समजलें होतें तो हरला, आणि ज्यास कांहींच समजलें नव्हतें तो जिंकला. हा दोष त्या मोटारवाल्या मुलाचा मुळींच नव्हे. तो आमचा परीक्षकांचा.

त्याच सायंकाळीं एक पालक आम्हांस म्हणाले, "सर, होडी चालते एवढें पुरे नाहीं का? दिवे, भोंगे, धूर ही सारी नसती चैन. पोरांचा वेळ मात्र जातो." हा आक्षेप पुष्कळ सुज्ञ पालक घेतात, म्हणून त्याचा विचार करणें अवश्य आहे.

पहिली गोष्ट ही कीं, दिवा, नाद आणि धूर यांची बिनतारी विद्येशीं असलेली सोयरीक कालपरवांची नाहीं, तर त्या विद्येच्या जन्मापासूनची आहे. १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें विद्युत्-लहरींचा जाहीर प्रयोग केला. लहरी भिंतींतून पलीकडे गेल्या, आणि त्यांनीं दूर ठेवलेली घंटा वाजविली व बंदुकीची दारू उडविली. हाच नाद आणि हाच धूर! मिशन शाळेच्या वाचकांनीं हेंही लक्षांत ठेवावें कीं, बोस हे कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे विद्यार्थी, आणि तेथें प्रयोग करून दाखवून पदार्थविज्ञान शिकविणारे फादर लाफों हे त्यांचे गुरु. पुढें १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें निकोला टेस्ला यांनीं एका हौदांत बिनतारी नियंत्रणाची होडी चालवून दाखविली. त्या होडीवर दिवे होते. ६४ चें घनमूळ किती, असें कोणी विचारतांच दिवे चार वेळां लुकलुकले, असें सांगतात. आंत शिकविलेलें माकड दडविलें असावें असा तर्कही कित्येकांनीं केला म्हणे! दूरच्या यंत्रानें आपली आज्ञा ऐकली हें लोकांस कळावें कसें? दिव्यानें, घंटेनें, धुरानेंच तें कळलें.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खऱ्या जहाजावरील दिवे व भोंगे हे शृंगार नव्हेत. ती एक भाषा आहे. प्रदर्शनाच्या दिवशीं एका विद्यार्थ्याचे आजोबा ती टग बराच वेळ निरखीत होते. त्यांची सारी हयात मुंबई बंदरांत गेलेली. ते आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "मास्तर, पोरानं काम नामी केलंय, पण तांबडा दिवा उजवीकडं लावलाय. रात्रीं समोरून येणाऱ्यानं काय समजावं?" आम्हीं नियम उघडून पाहिले. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीं १९७२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें जहाजाच्या डाव्या अंगास तांबडा, उजव्या अंगास हिरवा व मागें पांढरा दिवा असावा लागतो. दुसरें जहाज ओढीत असतां टगवर डोलकाठीला एकाखालीं एक असे दोन पांढरे दिवे लावतात. ओढलेल्या जहाजासुद्धां मागची लांबी २०० मीटरांहून अधिक झाली, तर तीन. भोंग्याचेंही तसेंच. सुमारें एक सेकंदाचा एक आवाज म्हणजे 'मी उजवीकडे वळत आहें', दोन म्हणजे 'डावीकडे', तीन म्हणजे 'माझें यंत्र उलटें फिरत आहे'. ज्या मुलानें हें जाणून दिवे लावले, तो नुसती होडी करीत नाहीं. समुद्रावर माणसांचे जीव वांचविणारी लिपि तो शिकत असतो.

तिसरी गोष्ट, जें वर्गांत फळ्यावर कोरडें राहतें तें येथें हातीं येतें. टगवर चार पेन्सिल सेल होते, म्हणजे ६ व्होल्ट. तांबड्या एल. ई. डी. दिव्यास सुमारें २ व्होल्ट लागतात. उरलेले ४ व्होल्ट रोधकानें अडविले पाहिजेत. दिव्यांतून ०.०२ अँपियर प्रवाह जावा अशी इच्छा असेल तर ४ भागिले ०.०२ म्हणजे २०० ओहम; बाजारांत २२० चा रोधक मिळतो, तो लावावा. ओहमचा नियम घोकून विसरणारीं मुलें आम्हीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. परंतु रोधक न लावल्यामुळें स्वतःच्या पैशाचा दिवा ज्याच्या डोळ्यांदेखत जळाला, असा मुलगा तो नियम विसरल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आवाजाची कथा अशीच. लहान स्पीकर उघडा ठेवला तर त्याचा आवाज चिरका व क्षीण येतो. कारण त्याच्या पडद्याच्या पुढील आणि मागील लहरी एकमेकींस मारतात. तोच औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबींत घट्ट बसविला कीं भोंगा घुमूं लागतो. इंजिनाचा आवाज वेगाबरोबर चढावा असें वाटत असेल, तर रिसीव्हरची भाषा समजली पाहिजे. तो सेकंदास सुमारें ५० वेळां एक विजेचा ठोका देतो. ठोका एक सहस्रांश सेकंदाचा कीं दोन सहस्रांशांचा, यावरून मोटर व सुकाणूं आपली आज्ञा ओळखतात. २००५ सालीं इटलींतील इव्ह्रेआ गांवीं विद्यार्थ्यांसाठींच तयार झालेली आर्डुइनो नांवाची पाटी हे ठोके मोजूं शकते व त्याप्रमाणें आवाज चढवूं-उतरवूं शकते. त्या पाटीस सूचना लिहिणें म्हणजे विचार क्रमवार मांडणें. निबंधासही याहून वेगळा गुण लागत नाहीं.

राहतां राहिला धूर. आणि तोच सर्वांत कठीण. टगमध्यें तेलांत भिजलेली कापसाची वात होती, तिच्याभोंवतीं नायक्रोमची तार गुंडाळली होती, आणि संगणकांतून काढलेला छोटा पंखा वाफ वर ढकलीत होता. तारेचा रोध ३ ओहम; ६ व्होल्टांवर ती २ अँपियर ओढते, म्हणजे एका दिव्याच्या शंभरपट! हीच वीज रिसीव्हरच्या सेलांतून घेतली होती. तार लागतांच सेलांचा दाब कोसळला आणि रिसीव्हर झोंपी गेला. आज्ञा देणारा झोंपल्यामुळें मोटर थांबली, आणि धुराचें बटण दाबणारा सर्व्हो दाबलेल्या जागींच राहिला. म्हणून बोट बेभान असतांही धूर चालूच. बाहेरची शोभा आंतल्या नियंत्रकाचें अन्न खाते तेव्हां काय होतें, हें आम्हीं तळ्याच्या कांठीं पाहिलें. शुभवर्तमानांतील चुना लावलेल्या कबरांचा दृष्टांत त्या रात्रीं आम्हांस वारंवार आठवला. पुढल्या आठवड्यांत त्या मुलानें धुरास स्वतंत्र बॅटरी व फ्यूज दिला, तांबडा-हिरवा दिवा अदलून बसविला, आणि शनिवारीं शाळा सुटल्यावर टग तळ्यास तीन फेऱ्या घालून धूर सोडीत कांठास आली. तेव्हां टाळ्या वाजवावयास आम्ही आणि शाळेचा शिपाई, एवढे दोघेच होतों.

येथें पालकांस एक सावधगिरीची सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. वात कोरडी पडली तर ती पेट घेते. तेलाचा धूर हुंगण्याजोगा नसतो. लिथियमच्या बॅटरींचीं टोकें एकमेकांस भिडलीं किंवा त्या प्रमाणाबाहेर चार्ज झाल्या तर आग लागूं शकते. म्हणून हें काम वडील माणसांच्या देखत व मोकळ्या हवेंत व्हावें, आणि बॅटरी चार्ज होत असतां सोडून जाऊं नये. शोभेची दारू किंवा रसायनें पेटवून धूर काढण्याचा मोह तर कोणींही धरूं नये. लहान मुलांनीं तारेऐवजीं पाण्याचें धुकें करणारी कंपनचकती वापरावी; ती पाण्यास तापवीत नाहीं, केवळ कंपनानें त्याचे बारीक तुषार उडविते. पाणी आणि विजेचे जोड एकमेकांपासून दूर राहतील एवढें मात्र पाहावें.

कोणी म्हणेल, "अहो, ज्या होडींत कोळसा नाहीं, तिनें धूर सोडणें हें एक सोंगच नव्हे काय? मुलांस खोटें शिकवितां काय?" प्रश्न गंभीर आहे. आमचें उत्तर असें कीं, प्रतिकृति कोणास फसवीत नाहीं. ती प्रतिकृति आहे हें सर्वांस ठाऊक असतें. खोटेपणा शिरतो तो निराळ्या वाटेनें. दोन सिलिंडरांचें वाफेचें इंजिन चाकाच्या एका फेऱ्यांत चार वेळां फुसकारतें. ज्यानें हें मोजून आपल्या लहान इंजिनाचा धूर व नाद चाकाशीं जोडला, त्यानें खऱ्या इंजिनाचा मान राखला. चाक उभें असतां जें फुसकारतें, तेंच खोटें. बाहेरचें चिन्ह आंतल्या क्रियेशीं जुळलें पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे. आणि तो केवळ खेळण्यांपुरता नाहीं, हें सांगणें नकोच.

घरीं करणें म्हणजे कांहींच विकत न घेणें, असेंही आम्ही म्हणत नाहीं. एल. ई. डी. किंवा मोटर कोणी घरीं घडवीत नाहीं. विकत घेतलेला भाग कोठें जोडला व कां जोडला हें ज्यास सांगतां येतें, आणि बिघडल्यास ज्यास तो दुरुस्त करितां येतो, त्याची ती प्रतिकृति घरचीच आम्ही समजतों. यास फारसा पैसाही लागत नाहीं. मोडक्या खेळण्यांत, जुन्या संगणकांत व फेंकलेल्या रेडिओंत निम्में सामान मिळतें. लागतो तो वेळ, आणि पालकांस भीति आहे ती त्याचीच. परीक्षेच्या आधीं दोन महिने सोल्डरिंगची सळई कपाटांत ठेवावी, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु एरवीं शनिवारच्या दोन तासांत मुलगा किंवा मुलगी एक बिघाड शोधीत बसली असेल, तर तो वेळ फुकट गेला असें समजूं नये. होय, मुलगीही, आमच्या शाळेंतील सर्वांत नेटकें सोल्डरिंग सांप्रत आठवींतील एक मुलगी करिते.

शेवटीं आमची एक सूचना आहे, व ती आम्हीं मुख्याध्यापकांपुढेंही ठेविली आहे. या वर्षापासून प्रत्येक स्पर्धकानें परीक्षकांपुढें प्रतिकृतीचें झांकण उघडावें; जोडणीची आकृति आणि फसलेल्या प्रयत्नांची नोंद एका वहींत आणावी; आणि परीक्षकांनीं त्याची पाठ वळली असतां एक तार सोडवून ठेवावी. ती कोणती हें त्यानें शोधून काढावें. ज्यास ती सांपडेल त्याचे दिवे थोडे मंद असले, भोंगा थोडा बसका असला, तरी बक्षीस त्याचें.

आमच्या टगवाल्या मित्रास गेल्या वर्षीचें बक्षीस आतां परत देतां येत नाहीं. दिलेलें दुसऱ्याचें काढून घेणेंही न्यायाचें नव्हे. परंतु तो आतां दहावींत आहे, आणि आगींच्या मोटारीचा मालक दर शनिवारीं त्याच्या घरीं जाऊन, ती बंद डबी उघडून, तींतला धूर कसा निघतो हें शिकत आहे, असें आम्हीं नुकतेंच ऐकिलें. आमच्या चुकीच्या निकालाची एवढी दुरुस्ती त्या दोघांनीं आपण होऊन केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों.