अर्जाच्या चौकटीत शेतकरी मावेना

शेतकरी बंधूंनो, गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी पीडीएफ येते आणि खाली ओळ असते, 'अर्ज भरून आजच पाठवा.' भरायला जावे तर चौकटीवर कितीही बोट टेकवा, अक्षर उमटत नाही. उमटणार कसे? तो अर्ज म्हणजे कागदाचा नुसता फोटो असतो! मग तो छापून आणा, पेनाने भरा, पुन्हा स्कॅन करा. तालुक्याला एक हेलपाटा आणि ऐन कामाच्या दिवसांत अर्धा रोज बुडाला.

ही अडचण तंत्राची म्हणावी तर तसेही नाही. पीडीएफ १९९३ साली आली आणि टंकून भरायच्या चौकटी तिच्यात १९९६ पासून आहेत. अडते ते अर्ज बनवणाऱ्याच्या टेबलावर. चौकट आखताना तिच्यात काय लिहिले जाणार, हा विचारच होत नाही. म्हणूनच आज आम्ही तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींशीही चार शब्द बोलणार आहोत. (पदांची नावे बदलली खरी, पण गाव अजून याच नावांनी हाक मारते.)

गट नंबराचेच घ्या. चौकट फक्त आकडे घेणारी केली, तर २१४/२/अ लिहायचे कुठे? तिरपी रेघ चालत नाही, 'अ' चालत नाही. भरणारा पोरगा वैतागून २१४२ लिहून मोकळा होतो. तपासणाऱ्याला तो गट गावात सापडत नाही आणि अर्ज परत येतो. सापडला तर आणखी वाईट, कारण ती जमीन दुसऱ्याची असते.

क्षेत्राची गोष्ट त्याहून गंभीर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, तोंडात मात्र एकर-गुंठे. अर्जात नुसते 'क्षेत्र' लिहून एक चौकट सोडली की आपला माणूस एक एकर वीस गुंठ्यांसाठी १.२० लिहितो. कचेरीत ते एक हेक्टर वीस आर असे वाचले जाते. प्रत्यक्षात एक एकर वीस गुंठे म्हणजे सुमारे ६१ आर. जमीन कागदावर जवळजवळ दुप्पट झाली! पुढे पडताळणीत फरक निघाला की खोटी माहिती दिली म्हणून बोट शेतकऱ्याकडेच. 'हेक्टर' आणि 'आर' अशा दोन वेगळ्या चौकटी केल्या असत्या आणि शेजारी 'सातबाऱ्यावर आहे तसे लिहा' एवढे टाकले असते, तर हा घोळ झालाच नसता.

बँकेच्या माहितीत तर चूक परवडतच नाही. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो. त्याला अकरा घरांची चौकट द्या, म्हणजे एखादे अक्षर राहिले तर डोळ्याला दिसते. त्यातले पाचवे घर नेहमी शून्याचे, तिथे इंग्रजी 'ओ' नको, हेही शेजारी लिहा. खाते क्रमांकाला मात्र अशी घरे पाडू नका, कारण त्याची लांबी बँकेगणिक बदलते. आणि ती चौकट 'संख्या' प्रकारची नको, साध्या मजकुराची ठेवा. नाहीतर क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गळण्याची भीती असते.

ईमेल सक्तीचा करण्याची हौस तर कळतच नाही. ज्याच्याकडे ईमेल नाही त्याच्या अर्जात केंद्रवाला स्वतःचा टाकून देतो. त्रुटीचे पत्र मग त्याच्याकडे जाते आणि शेतकरी महिनाभर वाट बघत बसतो. ज्याच्यावाचून काम अडते तेवढेच सक्तीचे करा.

आता मराठीचा मुद्दा. चौकटीला सवयीने इंग्रजी फॉन्ट राहिला तर मराठी नाव लिहिल्यावर नुसते रिकामे चौकोन दिसतात. युनिकोडचा देवनागरी फॉन्ट लावा. तेवढ्यावरही थांबू नका, काही ठिकाणी जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या सरकतात. कुऱ्हाडे, म्हस्के, ज्ञानेश्वर ही नावे लिहून पहा, छापून पहा आणि साध्या मोबाईलवरही उघडून पहा. नावासाठी एकच लांब चौकट द्या. ते सातबाऱ्याप्रमाणे हवे की आधारप्रमाणे, हे वरतीच स्पष्ट लिहा.

यासाठी पैसे मोजून सॉफ्टवेअर घ्यायचीही गरज नाही. लिब्रेऑफिस फुकट मिळते. त्याच्या रायटरमध्ये चौकटी टाकून पीडीएफ करताना फॉर्मचा पर्याय निवडला की भरता येणारा अर्ज तयार. टॅब दाबल्यावर कर्सर नावावरून थेट सहीवर उडी मारत नाही ना, एवढे पाहून घ्या. आणि गावात पाठवण्याआधी स्वतःच्याच सातबाऱ्यावरून तो एकदा पूर्ण भरा. सहायकाला भरायला सांगू नका, स्वतः भरा.

सही-अंगठ्याची जागा मात्र मोठी आणि मोकळी सोडा. अर्ज छापल्यावर आमच्या म्हाताऱ्यांचा अंगठा त्या अर्ध्या बोटाच्या रेघेवर बसत नाही, खालचा मजकूर निळा होतो आणि तेवढ्यासाठीही अर्ज परत आलेले आम्ही पाहिले आहेत.