चेंडू कुणाच्या हाती?

कप्तानाची खरी पारख नाणेफेकीत नव्हे, चेंडू कुणाच्या हाती द्यायचा, यात होते. १९७१ ची ओव्हलची कसोटी आठवा. पहिल्या डावात इंग्लंडच्या ३५५, आपल्या २८४. म्हणजे ७१ धावांचे कर्ज डोक्यावर! अशा वेळी काटकसरी गोलंदाज लावावा, क्षेत्ररक्षक सीमेकडे धाडावेत, हा संसारी माणसाचा हिशेब. चंद्रशेखर तर मोठा लहरी; घटकेत त्रिफळा उडवील, घटकेत चौकार बहाल करील. त्याच वर्षीच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर त्याला नेलेही नव्हते. पण अजित वाडेकरांनी धावांची चिंता सोडून बळींचा ध्यास घेतला. चेंडू चंद्राला दिला आणि एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, शॉर्ट लेगला, दबा धरून राहिला. बॅट पुढे करावी तर सोलकरचे हात, मागे राहावे तर यष्ट्यांवर घाला! चंद्राने ३८ धावांत ६ बळी टिपले, इंग्लंड १०१ धावांत आटोपले आणि इंग्लंडच्या भूमीवरला पहिला कसोटी विजय आपण ४ गडी राखून मिळवला.

चार चेंडू वाया गेले तरी पाचव्याची वाट पाहणारा कप्तान भेटला, तरच असा गोलंदाज फुलतो. घरातल्या लहरी पण गुणी पोराचे तरी याहून निराळे काय असते?