वाटा किती किलोचा?

हमरापूर म्हटले की गणेशमूर्तींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण पेणपासून धरमतर खाडीपर्यंतच्या या खारपट्ट्यात आणखी एक धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि आपल्या मासेमारी-पाहणीच्या तक्त्यांत तो जवळजवळ दिसतच नाही. आपण बंदरावर उतरलेली मासळी मोजतो. खाडीतली मासळी बंदरावर येतच नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून बायांनी हाताने धरलेले निवटे, बिळातून काढलेल्या चिंबोऱ्या, खारबांधाच्या उघाडीच्या तोंडाशी पागाने मिळालेली कोळंबी, यातले काही घरच्या कालवणात जाते, उरलेल्याचे नाक्यावर वाटे लागतात. वाटा कोणी तोलत नाही आणि आपला पाहणीचा अर्ज मात्र किलो विचारतो. रकाना कोरा राहतो, आणि कोऱ्या रकान्याचा अर्थ पुढे कार्यालयात ‘येथे मासेमारी नाही’ असा लावला जातो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौका बंद असतात, बाजारात मासळी कडाडते, तेव्हा खारपट्ट्यातल्या कितीतरी चुली याच चिखलावर चालतात. पावसाळ्यातच खाडीतली जिताड्याची पिल्ले धरून तळ्यात सोडण्याची इथली जुनी रीत आहे. वाढवलेला जिताडा पाहुण्यासाठी राखून ठेवतात. त्याला बाजारभाव लावता येईल, पण त्या ताटाने जोडलेली सोयरीक कोणत्या रकान्यात लिहायची? चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने 1997 मध्ये या माशाचे बीज उबवणी केंद्रात तयार केले, ही मोठीच सोय झाली. तरी विकतच्या बीजाने खाडीची गरज संपत नाही.

नोंदीचे मोल शेजारच्या उरणने दाखवले आहे. बंदर आणि भरावामुळे झालेल्या नुकसानीपोटी 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी 2015 मध्ये दिला. अशी वेळ धरमतरवर आली, तर निवटे धरणारी बाई कोणता कागद दाखवेल? पॅसिफिकमधल्या प्रवाळ बेटांवरही हेच झाले. होडीतून जाणारा पुरुष मच्छीमार ठरला, ओहोटीला प्रवाळावर शिंपले वेचणारी बाई कित्येक वर्षे मोजणीबाहेर राहिली.

पाहणी अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला करा, कार्यालयाच्या वेळेत नको. घरातल्या बाईला विचारा. प्रत्येक हंगामात नाक्यावरचे दहा-वीस वाटे विकत घेऊन तोला, म्हणजे वाट्याचे किलो करता येतील. घरी खाल्लेली आणि वाटून दिलेली मासळी वेगळी लिहा. हमरापूर, जोहे परिसरात काम करणाऱ्यांनी अशा नोंदी पाठवल्या, तर आम्ही त्या जशाच्या तशा छापू.