वाघ की वाघीण? आदेशाआधी सांगा

यवतमाळच्या पांढरकवडा-राळेगाव भागात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली टी-1, म्हणजे अवनी वाघीण, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीला बळी पडली. मागे दोन बछडे उरले. तिला मारण्यावरून झालेला वाद अजून शमलेला नाही, आणि इथे तो उकरायचाही नाही. पण असा प्रसंग पुन्हा येणार हे विदर्भात कुणालाही ठाऊक आहे. तेव्हा मारण्याचा आदेश निघण्याआधी हल्लेखोर जनावर कोणतं हे ठरवणाऱ्या डीएनए चाचणीबाबत वन खात्याकडे या मागण्या हव्यात.

1. नमुना आधी, बाकी सोपस्कार नंतर. हल्लेखोराची लाळ जखमेच्या कडेला लागलेली असते. मृतदेह धुतला की ती गेली. कापसाच्या बोळ्यावर टिपलेली लाळ सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते, डीएनए नासतो. मुळासकट केस मिळाला तर उत्तमच. एवढं सामान प्रत्येक वनरक्षकाजवळ हवं.

2. ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन उत्तरांचं वजन सारखं नसतं. नरात एक्स आणि वाय गुणसूत्रं, मादीत दोन्ही एक्स. वाघाचा वाय सापडला, की तो नराचाच. पण खराब नमुन्यात वाय हाती न लागल्याने नरही मादी ठरू शकतो. म्हणून ‘मादी’ हे उत्तर फेरतपासणीशिवाय मानू नये. शिवाय मृत व्यक्ती पुरुष असेल तर जखमेतल्या रक्तात त्याचाही वाय असतोच! चाचणी मार्जारकुळाचाच वाय ओळखणारी हवी.

3. मादी म्हणजे ‘तीच’ मादी नव्हे. त्यासाठी त्या जनावराची स्वतंत्र डीएनए ओळख पटवावी लागते. लिंगचाचणी एखाद्या वाघिणीवरचा संशय दूर करू शकेल. तिला दोषी ठरवायला ती पुरेशी नाही.

4. ‘तोवर गावानं मरायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. अहवाल येईपर्यंत गस्त, कॅमेरे, पिंजरे, गुराख्यांना सोबत हे सगळं चालूच राहावं. थांबायची ती फक्त बंदूक.

5. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश काढतात. त्याला प्रयोगशाळेचा अहवाल जोडलेला असावा.

तुमच्या तालुक्यात असा आदेश निघाला, तर माहिती अधिकारात त्या अहवालाची प्रत मागा.