गाडी आमची, किल्ली त्यांची

दिवाळीचा पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी उरलेला अर्धा मुहूर्त. पंचांगकर्त्यांनी त्याला अर्धा म्हटले असले, तरी मोटारी विकणाऱ्यांच्या लेखी तो चांगला सव्वा मुहूर्त आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी काहींच्या दारात नवी मोटार येऊन उभी असेल. तिच्या टपावर झेंडूची माळ असेल, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक असेल, आणि चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा वास अजून अंगणात दरवळत असेल. दुकानदाराने तुमच्या हाती पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन तुमचे छायाचित्रही काढले असेल. तुमचे अभिनंदन! फक्त त्या छायाचित्राकडे एकदा नीट पाहा, एवढीच माझी विनंती आहे. किल्ली खरोखरच पुठ्ठ्याची आहे. खरी किल्ली दुकानदाराने, किंबहुना त्याच्याही वरच्या कंपनीने, आपल्याजवळच ठेवली आहे.

सणासुदीला हे अशुभ बोलणे झाले, हे मी जाणतो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या पदार्थविज्ञानापुरता. पोटासाठी मी शाळेत मुले शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ‘मास्तरांना मोटारीतले काय कळते?’ हा प्रश्न कोणी विचारील तर तो मला मान्य आहे. पण मालकी म्हणजे काय हे कळायला इंजिनियर व्हावे लागत नाही. ज्या वस्तूचा बिघाड दूर करायचा की नाही, कोणाकडून करायचा, किती खर्चात करायचा, हे मी ठरवू शकत नाही, त्या वस्तूचा मी मालक नव्हे. फार तर मी तिचा कूळ आहे, आणि तोही खंडाची रक्कम आगाऊ भरलेला!

माझ्या वडिलांनी १९८८ साली एक जुनी मोटार घेतली होती. त्या काळी आपल्या रस्त्यांवर दोन-तीनच घराणी होती. त्यांतले हिचे कोणते, ते मी सांगत नाही. आजारपणाच्या कथेत कुळाचा उद्धार नको. गाडी घेतली त्या दिवशी तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली. तीत रिंगपाने, पक्कड, प्लगपाना, एक जादा फॅनबेल्ट आणि तेलाचे डाग पडलेले एक पुस्तक होते. त्या पुस्तकात सगळी मोटार उघडून दाखवली होती. कोणता बोल्ट किती आवळायचा, पॉइंटमध्ये किती फट ठेवायची, कोणती तार कुठून निघून कुठे जाते, सारे काही. वडील रात्री ते पुस्तक वाचत नि रविवारी ते आचरणात आणत.

एका वैशाखात पुण्याहून साताऱ्याकडे येताना ही गाडी खंबाटकीच्या घाटात बसली. आईने कपाळाला हात लावला. वडिलांनी बॉनेट उघडले, पेट्रोलच्या पंपाला बोट लावून पाहिले आणि आईला म्हणाले, “भाकरी सोड, फडकं दे.” शिदोरीचे फडके पाण्यात भिजवून त्यांनी त्या पंपावर गुंडाळले. इंजिनाच्या धगीने पेट्रोलची नळीतच वाफ झाली होती. पंपाला ओढायला द्रव उरला नव्हता. आम्ही झाडाखाली बसून भाकरी खाल्ल्या. अर्ध्या तासाने पंप निवला, वाफेचे पुन्हा पेट्रोल झाले आणि गाडी घाट चढून गेली. खर्च? एक फडके. तेही आईने नंतर धुऊन घेतले.

हे ऐकून ‘जुने ते सोने’ म्हणायला कोणी उठेल, तर त्याने बसावे. जुने ते सोने नव्हते. पुष्कळदा ते नुसते जड लोखंड होते. त्या गाड्या धूर ओकत. आमच्या गाडीत मागे पट्टे नव्हते, हवेच्या उश्यांचे तर नावही कोणी ऐकले नव्हते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली मोटारींची कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीने पुढे मुंबईची टॅक्सी म्हणून दोन-तीन पिढ्या वाहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा भरून तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा पुष्कळांचे डोळे पाणावले. माझेही पाणावले. पण नातवंडांना घेऊन द्रुतगती मार्गावर जायचे झाले, तर मी आजचीच गाडी निवडीन. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाचे प्रदूषणाचे नियम आले. ते पाळायचे तर इंजिनाला सेन्सर हवेत नि त्यांचे म्हणणे ऐकणारा संगणकही हवा. कार्बोरेटरला ते साधणारे नव्हते. तेव्हा माझे भांडण गाडीतल्या संगणकाशी नाही. त्या संगणकाला घातलेल्या कुलुपाशी आहे.

या कुलुपाशी माझी गाठ गेल्या श्रावणात पडली. तीन वर्षांपूर्वी मीही पाडव्यालाच नवी गाडी घेतली, मीही ती पुठ्ठ्याची किल्ली हाती घेऊन हसलो. पावसाची झड लागली होती. पडवीत उभ्या गाडीत उंदराने बिऱ्हाड केले आणि सकाळी गाडी सुरू होईना. समोर दिव्यांची दिवाळी! कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने ती दोरीने ओढवून चाळीस किलोमीटर दूर नेली. दोन दिवसांनी निरोप आला की उंदराने तारा कुरतडल्या आहेत, तारांचा संपूर्ण जुडगा बदलावा लागेल, अठ्ठावन्न हजार रुपये.

मी विचारले, “किती तारा तुटल्यात?”

“दोन.”

“मग दोन जोडून द्या.”

टेबलामागचा तरुण मोठ्या अदबीने म्हणाला, “सर, आम्ही जोडत नाही. बदलतो.”

मी गाडी परत ओढवून आणली. त्याचे पैसे वेगळे, तपासणीचे वेगळे. आमच्या गावात एक मिस्त्री आहेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी चष्मा पुसला, बॅटरी धरली आणि तासाभरात त्या दोन तारा डाख देऊन, नळी चढवून, टेप गुंडाळून पक्क्या केल्या. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. चारशे रुपये. फक्त ब्रेकच्या संगणकाचा एक पिवळा दिवा विझेना. चाचांनी हप्त्यावर घेतलेले स्कॅनर काढले, लावले आणि मान हलवली.

“मास्तर, इंजिनाचं हे यंत्र वाचतंय. ब्रेकचं खातं कंपनीनं बंद ठेवलंय. तार जोडलीय, दोष गेलाय, पण दिवा विझवायचा हुकूम माझ्याकडं न्हाई.”

मी पुन्हा चाळीस किलोमीटर गेलो. दिवा दहा मिनिटांत विझला. बाराशे रुपये पडले. आणि बिलाच्या तळाला एक ओळ आली : बाहेरील व्यक्तीने छेडछाड केल्यामुळे विजेच्या भागांची वॉरंटी रद्द. उंदराने तारा खाल्ल्या ते नैसर्गिक. चाचांनी जोडल्या ती छेडछाड!

हा केवळ माझ्या नशिबाचा भाग असता, तर दिवाळीच्या अंकात मी तो उगाळला नसता. पण भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमक्या याच दुखण्यावर बोट ठेवले होते. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, म्हणून आयोगाने देशातल्या चौदा मोटार कंपन्यांना २५४४ कोटींहून अधिक दंड केला. हे भाग, ही पुस्तके, तपासणीची ही यंत्रे स्वतंत्र मिस्त्रींना मिळाली पाहिजेत, असे आयोगाने सांगितले. केवळ बाहेरच्याने हात लावला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अटही घालता येणार नाही, असेही सांगितले. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले, आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. ठीक आहे. पण संकेतस्थळाचे दार उघडले म्हणून ब्रेकच्या संगणकाचे दार उघडत नाही. त्याला सक्तीचा कायदा लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मतपेटीतून ठणकावून सांगितले की, दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांनाही मिळालीच पाहिजे. मोटारी बिनतारी बोलू लागल्या, तेव्हा २०२० साली त्यांनी तेच पुन्हा सांगितले. ते लोक काही आपल्याहून अधिक यंत्रज्ञ नाहीत. त्यांना मालकीचा अर्थ ठाऊक आहे, इतकेच.

आणि ही गोष्ट तारांवर थांबणार नाही. २०२२ साली एका जर्मन कंपनीने काही देशांत नवाच प्रकार केला. गाडीची आसने ऊबदार करणारी तार आसनात आधीच बसवलेली, पण ती चालू करायची तर दरमहा पैसे भरा! लोक संतापले, तेव्हा पुढच्या वर्षी तिने हा उद्योग आवरता घेतला. आपल्याकडे थंडी बेताची, म्हणून आपण हसलो. पण उद्या वातानुकूलनाची पाळी आली तर? तीच गोष्ट गाडीतल्या त्या मोठ्या पडद्याची. पूर्वी वाऱ्याची कळ हाताने चाचपून फिरवता येई. आता ती पडद्याच्या तिसऱ्या पानावर शोधायची नि समोरून ट्रक येत असायचा. युरोपातल्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या संस्थेनेही ठरवले की, २०२६ पासून हॉर्न, वायपर, दिशादर्शक दिवे यांना खऱ्या कळी नसतील तर पुरे गुण मिळणार नाहीत. आपण मात्र दुकानात शिरताच पडदा किती इंचांचा आहे, हे आधी विचारतो.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : ‘हे सुरक्षेसाठी आहे. अडाणी मिस्त्रीच्या हाती ब्रेक दिले तर माणसे मरतील.’ हे उत्तर ऐकले की माझ्यातला मास्तर जागा होतो. पुस्तक कपाटात बंद करून ठेवायचे, मुलाला वर्गाबाहेर उभे करायचे आणि वर त्याला ‘ढ’ म्हणायचे, ही कोणती शिक्षणपद्धती? चाचा अडाणी वाटत असतील तर त्यांना पुस्तक द्या, शिकवा, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या. त्यांच्या कामाने अपघात झाला तर त्यांना जाब विचारा. सुरक्षा ज्ञान लपवून वाढत नाही, वाटून वाढते. खांदा नि कंबर दोन्ही बांधणारा पट्टा १९५९ साली निल्स बोलिन या स्वीडिश इंजिनियरने काढला. त्याच्या व्होल्वो कंपनीने पेटंट आपल्या हाती असूनही तो साऱ्या जगाला वापरू दिला. आज तुमच्या नव्या गाडीत तो आहे, तो या उदारपणामुळे.

आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर एस. टी. घ्या. १ जून १९४८ रोजी तिची पहिली गाडी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला गेली. पुढे ती गावोगाव पोचली ती काही रस्ते चांगले होते म्हणून नव्हे. आगारात तिची स्वतःची कार्यशाळा होती, दापोडी, चिकलठाणा नि हिंगणा इथे मोठे कारखाने होते, आणि खाकी कपड्यांतला मेकॅनिक रात्री गाडी उघडून सकाळच्या फेरीला उभी करीत होता. दुरुस्ती घरची होती, म्हणून गाडी घरची होती. जी संस्था आपली गाडी उघडू शकत नाही, तिचे वेळापत्रक दुसराच कोणी लिहितो.

चाचांचा मुलगा आय. टी. आय. शिकून पुण्यातल्या एका सर्व्हिस सेंटरात लागला आहे. पगार बरा आहे, अंगावर स्वच्छ गणवेश आहे. मी चाचांना म्हणालो, “चाचा, चला, हात हुशार झाला पोराचा.” ते डाख देण्याची सळई पुसत म्हणाले, “त्याला बदलायला शिकवलंय मास्तर, जोडायला न्हाई.” गावातले गॅरेज चाचांबरोबर संपेल. मग दोन तारांसाठी साऱ्या तालुक्याला चाळीस किलोमीटर जावे लागेल, आणि अठ्ठावन्न हजारांना ‘नको’ म्हणायची सोयही उरणार नाही.

म्हणून या पाडव्याला गाडी घ्यायला जाल, तेव्हा खुशाल जा, पेढे खा. पण सही करण्यापूर्वी त्या अदबशीर तरुणाला चार प्रश्न विचारा. दुरुस्तीचे पुस्तक मला मिळेल काय? सुटे भाग खुल्या बाजारात मिळतात काय? एका दिव्यासाठी सारा कंदील बदलावा लागतो काय? आणि माझ्या गावच्या मिस्त्रीने हात लावला तर वॉरंटीचे काय? उत्तर तोंडी नव्हे, लेखी मागा. एका गिऱ्हाइकाने विचारले तर तो हसेल. शंभरांनी विचारले तर वर कळवील. पडदा किती इंचांचा, हे गिऱ्हाइकांनी विचारले म्हणूनच तो वाढला ना?

यंदा दसऱ्याला मी चाचांच्या गॅरेजात गेलो होतो. दरवर्षीप्रमाणे त्यांनी पाने, हातोडी, जॅक धुऊन पाटावर मांडले होते, त्यांना झेंडूची फुले वाहिली होती. पाटाच्या कडेला ते स्कॅनरही होते. त्याचे तीन हप्ते अजून फेडायचे आहेत. त्यालाही त्यांनी एक फूल वाहिले होते.