तैनाती आणि मैत्री

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. तिच्या खर्चासाठी सालिना २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी स्वतंत्र व्यवहार करण्याचा हक्कही सोडला. शिंदे-भोसल्यांना हा तह मान्य नव्हता. त्यातून युद्ध पेटले. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीनजीक पटपडगंजला शिंद्यांची फौज हरली, दिल्ली इंग्रजांकडे गेली. १८१८ मध्ये ‘संरक्षित’ पेशवाईही संपली. पुढे स्वतंत्र भारतानेही १९४९ च्या करारात भूतानचे परराष्ट्रधोरण आपल्या सल्ल्याशी बांधले. ते बंधन २००७ मध्ये दिल्लीतच सुटले. लहान राष्ट्राने बलाढ्याशी सख्य अवश्य करावे. परंतु ते मोडण्याचा अधिकार त्याच्याकडे उरत नसेल, तर त्या सख्याला तैनातीच म्हणावे लागेल.